कोणता देश खेळात पुढे? पदकांचा हिशेब स्वतः मांडायची रीत

पॅरिस ऑलिंपिकच्या पदकतालिकेत पाकिस्तान ६२ वा होता आणि भारत ७१ वा. पाकिस्तानचे पदक एकच, अर्शद नदीमचे भालाफेकीतले सुवर्ण. भारताची सहा, पण सुवर्ण एकही नाही. एक रौप्य, पाच कांस्य. मग पुढे कोण? लातूरच्या गंजगोलाईत विचारा नाहीतर नांदेडच्या वजिराबादेत, चहा संपेल पण वाद संपणार नाही. कारण एक जण सुवर्ण मोजतो, दुसरा एकूण पदके मोजतो, आणि कोण काय मोजतोय हे दोघेही सांगत नाहीत.

हा हिशेब मोबाइलवरच्या गूगल शीटमध्ये एका दुपारी मांडता येतो. शाळा-कॉलेजचा प्रकल्प असो, क्रीडा शिक्षकाला फलक करायचा असो की जिल्हा दैनिकात बातमी द्यायची असो, रीत एकच.

आधी प्रश्न, मग आकडे

"सर्वांत यशस्वी देश कोणता" हे विचारताना आपण नकळत तीन वेगळे प्रश्न विचारत असतो. कोणाची ताकद मोठी? आपल्या माणसांच्या आणि पैशाच्या मानाने जास्त कोण मिळवतो? गेल्या काही वर्षांत कोण वर चढला? पहिल्याचे उत्तर अमेरिका किंवा चीन, दुसऱ्याचे ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड, तिसऱ्याचे उझबेकिस्तान असे निघू शकते, आणि तिन्ही उत्तरे बरोबर असतात. शीट उघडायच्या आधी यातला कोणता प्रश्न आपला आहे ते एका ओळीत लिहून ठेवा.

हे मी जरा ठासून सांगतो, कारण बहुतेक लोक उलटे करतात. आवडता देश कुठे वर दिसतो ते बघतात आणि तेच माप बरोबर ठरवतात. मोठे देशही यातून सुटलेले नाहीत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये चीनने ५१ सुवर्णे घेतली, अमेरिकेने ३६. एकूण पदकांत मात्र अमेरिका ११० आणि चीन १००. जगभर चीन पहिला छापून येत होता, आणि अमेरिकेतली अनेक माध्यमे एकूण पदकांची तालिका छापून आपला देश वर ठेवत होती. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या सनदेत तर स्पष्टच म्हटले आहे की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. तरी तालिका सगळेच बघतात, आपणही बघणारच.

आकडे कुठून आणि कसे घ्यावेत

देशाचे नाव, सुवर्ण, रौप्य, कांस्य, लोकसंख्या, एवढे रकाने पुरेत. आणखी एक रकाना हमखास ठेवा: आकडे कोणत्या तारखेला घेतले. पदके नंतर बदलतात. बीजिंगमधल्या तीन चिनी महिला वेटलिफ्टर्सची सुवर्णे जुन्या नमुन्यांच्या फेरतपासणीनंतर २०१७ मध्ये काढून घेतली गेली. त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रात ५१ आणि आजच्या तालिकेत ४८ दिसते. दोन स्रोतांतले आकडे मिसळले की बेरीज जुळत नाही आणि मग दोष शीटला दिला जातो.

दुसरी अडचण नावांची. टोकियोत बंदीमुळे रशियाचे खेळाडू 'आरओसी' (रशियन ऑलिंपिक समिती) नावाखाली खेळले आणि ७१ पदके घेऊन गेले. पॅरिसमध्ये रशिया व बेलारूसचे मोजके खेळाडू तटस्थ म्हणून उतरले. त्यांची पाच पदके कोणत्याच देशाच्या खात्यात नाहीत. 'रशिया २०२१ ते २०२४ घसरला' असे वाक्य कोणी लिहिले, तर ते खेळाबद्दल नसून बंदीबद्दल आहे.

क्रम लावायच्या तीन पद्धती, आणि त्यांची परीक्षा

पहिली पद्धत आपल्या ओळखीची. आधी सुवर्ण, बरोबरी झाली तर रौप्य, मग कांस्य. शीटमध्ये तीन स्तरांचे सॉर्ट लावले की झाले. यात एक सुवर्ण हे कितीही रौप्यांपेक्षा जड ठरते. दुसरी पद्धत सरळ बेरजेची. यात सुवर्ण आणि कांस्य एकाच भावाने. तिसरी गुणांची: सुवर्णाला ३, रौप्याला २, कांस्याला १, किंवा ४, २, १.

पॅरिसवर लावून बघा. जपानची पदके (सुवर्ण-रौप्य-कांस्य) २०-१२-१३, फ्रान्सची १६-२६-२२, ब्रिटनची १४-२२-२९, ऑस्ट्रेलियाची १८-१९-१६. सुवर्णांवर जपान तिसरा आणि ब्रिटन सातवा. ३-२-१ ने गुण काढले तर फ्रान्स १२२, ब्रिटन ११५, ऑस्ट्रेलिया १०८, जपान ९७. जपान एकदम सहावा. सुवर्णाचा भाव वाढवून ४-२-१ करा: फ्रान्स १३८, ब्रिटन १२९, ऑस्ट्रेलिया १२६, जपान ११७. तरीही सहावाच. म्हणजे जपानचे तिसरे स्थान निव्वळ 'सुवर्ण आधी' या नियमावर उभे आहे. फ्रान्स मात्र यजमान म्हणून खेळला आणि गुणांच्या दोन्ही प्रकारांत तिसरा राहिला. माप बदलले तरी जो क्रम हलत नाही, तोच छातीठोकपणे लिहावा.

भारत-पाकिस्तानचेही असेच. ३-२-१ ने भारत ७, पाकिस्तान ३. ४-२-१ ने भारत ७, पाकिस्तान ४. सुवर्णाला आठ गुण दिल्याशिवाय पाकिस्तान वर जात नाही. एका सुवर्णाची किंमत आठ कांस्ये असे ज्याला मनापासून वाटते त्याने पाकिस्तानला वर ठेवावे, पण तसे बोलून दाखवावे.

हेच घरच्या तालिकेतही झाले. २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राची १९८ पदके, सगळ्यांत जास्त. पण सेनादलाची सुवर्णे ६८ आणि आपली ५४, म्हणून पहिला क्रमांक १२१ पदके घेणाऱ्या सेनादलाचा.

पदकांचे भाव ठरवताना मला बीडचा अविनाश साबळे आठवतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस धावला. २८ अडथळे, सात पाण्याच्या उड्या. केनियाच्या अब्राहम किबिवोतची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळेची ८ मिनिटे ११.२० सेकंद. फरक सेकंदाच्या विसाव्या भागाचा. ४-२-१ मध्ये त्या पाच शतांश सेकंदांनी अर्धी किंमत जाते, 'सुवर्ण आधी' मध्ये त्याहून जास्त. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये तोच ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचून अकरावा आला, आणि तालिकेत त्याची किंमत शून्य. ज्या वर्षी त्याने ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला त्याच वर्षी.

म्हणून पदकांच्या खालचे स्तरही मोजा. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत पहिल्या आठ क्रमांकांना ८, ७, ६ असे एकापर्यंत गुण देणारी तालिका असते, ती पद्धत उचला. पॅरिसमध्ये भारताचे सहा चौथे क्रमांक आले: लक्ष्य सेन, मनू भाकर, अर्जुन बबुता, मीराबाई चानू, तिरंदाजीतली मिश्र जोडी आणि स्कीट नेमबाजीतली मिश्र जोडी. या पद्धतीत चौथ्याला पाच गुण. सहा चौथ्या क्रमांकांचे तीस गुण पदकतालिका सरळ गिळून टाकते.

क्रमांक कधीच एकटा लिहू नका

टोकियोत भारताची सात पदके होती (१-२-४) आणि क्रमांक ४८. पॅरिसमध्ये सहा पदके (०-१-५) आणि क्रमांक ७१. एक पदक कमी झाले आणि देश २३ पायऱ्या खाली आला. तालिकेच्या मधल्या भागात एकेका पदकावर देशांची दाटी असते, तिथे क्रमांक वाऱ्यासारखा हलतो. विनेश फोगटचे वजन अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅम जास्त भरले नसते, तर किमान रौप्य नक्की होते. शंभर ग्रॅमवर हलणारा आकडा देशाच्या क्रीडासंस्कृतीचे माप म्हणून वापरायचा असेल तर निदान तीन ऑलिंपिकची सरासरी घ्या.

लोकसंख्येने भागणे: इथेच सगळे फसतात

पॅरिसची भालाफेक पुन्हा बघा. सुवर्ण पाकिस्तान (९२.९७ मीटर), रौप्य भारत (८९.४५), कांस्य ग्रेनाडा (८८.५४). पहिला देश चोवीस-पंचवीस कोटींचा, दुसरा १४५ कोटींचा. तिसरा देश सव्वा लाखाच्या आतला, म्हणजे उदगीर शहराच्या जवळपास. त्या ग्रेनाडाने डेकॅथलॉनमध्येही कांस्य घेतले. दर कोटी माणसांमागे पदके काढली तर ग्रेनाडा १६७ वर जातो, अमेरिका ३.७ वर आणि भारत ०.०४ वर. आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ काय घ्यायचा? ग्रेनाडाचा एक भालाफेकपटू घसरून पडला असता तर १६७ चे ८३ झाले असते. नुसता भागाकार छोट्या देशांना आभाळात नेतो किंवा शून्यावर आणून ठेवतो.

त्यापेक्षा 'हिश्श्या'ची रीत बरी. पॅरिसमध्ये साधारण १०४० पदके वाटली गेली, जगाची लोकसंख्या सुमारे ८१० कोटी. म्हणजे कोटीमागे १.२८ पदक. प्रत्येक देशाच्या लोकसंख्येला (कोटीत) १.२८ ने गुणले की त्याचा हिस्सा निघतो: सगळे देश सारखेच तरबेज असते तर किती पदके मिळाली असती. मग प्रत्यक्ष पदकांतून हिस्सा वजा करा, आणि जे उरेल त्याला हिश्श्याच्या वर्गमूळाने भागा. येईल तो गुणांक. वर्गमूळ का? नशिबाने होणारा चढउतार साधारण वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हिस्सा शंभराचा असेल तर दहा-पंधरा पदके इकडेतिकडे होणे ही मामुली गोष्ट. हिस्सा दोनाचा असेल आणि मिळाली चौतीस, तर तो योगायोग नाही.

| देश | पदके | हिस्सा | गुणांक |
|---|---|---|---|
| ऑस्ट्रेलिया | ५३ | ३.५ | २६.६ |
| न्यूझीलंड | २० | ०.६७ | २३.७ |
| नेदरलँड्स | ३४ | २.३ | २०.९ |
| ग्रेनाडा | २ | ०.०१५ | १६ |
| अमेरिका | १२६ | ४३.५ | १२.५ |
| चीन | ९१ | १८०.५ | उणे ६.७ |
| भारत | ६ | १८५.६ | उणे १३.२ |

ग्रेनाडा आता पहिल्या क्रमांकावरून खाली आला, पण हरवला नाही. ऑस्ट्रेलिया वर आला, आणि जलतरणात त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा माहीत असलेल्या कोणालाही ते पटेल. हिस्सा एकाच्याही खाली असेल तिथे हा गुणांक जरा फुगतो, म्हणून अगदी चिमुकल्या देशांची यादी वेगळी ठेवलेली बरी.

मराठवाड्याच्या वाचकासाठी यात एक आकडा रेंगाळण्यासारखा आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या १ कोटी ८७ लाख भरली. नेदरलँड्सची आज जवळपास तेवढीच. तिकडे ३४ पदके, त्यातली १५ सुवर्णे.

पण भारत आणि चीनचा उणे आकडा बघून लगेच कपाळाला हात लावू नका. मोठ्या देशांवर एक कुलूप असते. कुस्तीत एका वजनगटात एका देशाचा एकच मल्ल. जलतरणात एका शर्यतीत फार तर दोघे. बीजिंगमध्ये चीनने टेबल टेनिसच्या पुरुष आणि महिला एकेरीतली तिन्ही पदके घेतली, तेव्हापासून पुढे एकेरीत देशामागे दोघांनाच प्रवेश राहिला. १४५ कोटींतून ऐंशी जलतरणपटू पाठवायची सोयच नाही. म्हणून १८५ हे उद्दिष्ट नव्हे. भारताची तुलना चीनशी किंवा इंडोनेशियाशी करा, ग्रेनाडाशी नाही. आणि चीनशी केली तरी ९१ विरुद्ध ६ एवढे पुरेसे बोलते.

पैसा

इथे फार वेळ घालवायचे कारण नाही. लोकसंख्येच्या जागी देशाचे एकूण राष्ट्रीय उत्पन्न घ्या आणि हिश्श्याचीच रीत पुन्हा लावा. अँड्र्यू बर्नार्ड आणि मेगन बसे या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली दाखवले होते की पदकांचा अंदाज करायला माणसे आणि दरडोई उत्पन्न दोन्ही लागतात, आणि त्यांचा गुणाकार, म्हणजे एकूण उत्पन्न, बराच नेमका अंदाज देतो. यजमान देशाला वेगळा फायदा होतो, हेही त्यात आले. या मापात केनिया चमकतो: पॅरिसमध्ये ११ पदके, सगळी ॲथलेटिक्समधली.

कोणत्या खेळातले पदक, हे बघितलेच पाहिजे

पॅरिसमध्ये एकूण ३२९ पदकप्रकार होते. त्यात ॲथलेटिक्सचे ४८, तलावातल्या जलतरणाचे ३५, कुस्तीचे १८, हॉकीचे दोन, क्रिकेटचा एकही नाही. हॉकीचा अख्खा संघ कांस्य आणतो तेव्हा तालिकेत एक पडतो. मायकल फेल्प्स एकट्याने २३ ऑलिंपिक सुवर्णे घेऊन गेला. भारताची आजवरची सगळी मिळून दहा, त्यातली आठ हॉकीची. ज्या देशात पोरं विहिरीत पोहायला शिकतात आणि पन्नास मीटरचा तलाव शोधावा लागतो, तो देश त्या ३५ प्रकारांत जवळजवळ नसल्यासारखाच. म्हणून दोन तालिका करा: एक सगळ्या खेळांची, एक तो देश खरोखर खेळतो त्या खेळांची.

उलट बाजूही तपासा. देशाची किती टक्के पदके एकाच खेळातून येतात? उझबेकिस्तानच्या आठ सुवर्णांपैकी पाच बॉक्सिंगची, उरलेली तीन कुस्ती, ज्युदो आणि तायक्वांदोची. सगळी लढतीच्या खेळांची. गरीब किंवा मध्यम देशाने थोडे खेळ निवडून तिथे पैसा ओतणे हे शहाणपण आहे, पण खेळ वगळला गेला की पाया जातो. ग्लासगोच्या २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या कार्यक्रमात कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन, टेबल टेनिस, नेमबाजी, क्रिकेट नाही. बर्मिंगहॅममध्ये भारताच्या ६१ पदकांतली १२ एकट्या कुस्तीची होती. दोन्ही स्पर्धांची तुलना करायची तर फक्त सामाईक खेळ घ्या, नाहीतर भारत बुडाला अशी खोटी बातमी होईल.

प्रतिस्पर्धी किती, हाही प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. धाराशिवच्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हापासून इकडच्या मुलींना हा खेळ आपला वाटतो, आणि ते जेतेपद कमी लेखायचे नाही. पण फुटबॉलच्या विश्वचषकाशेजारी ते एकास एक मांडता येत नाही. तो खेळ गंभीरपणे खेळणारे देश किती आहेत, त्यांची संख्या एका रकान्यात लिहा. भाव कसा लावायचा ते वाचक ठरवेल.

सामन्यांच्या खेळांत पदके नसतात तेव्हा

फुटबॉलसाठी फिफा २०१८ पासून ज्या रीतीने गुण देते, ती समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांवरून अपेक्षित निकाल काढतात. समजा आपल्या संघाचे १२०० गुण आहेत आणि समोरच्याचे १५००. फरक उणे ३००. तो ६०० ने भागून सूत्रात, म्हणजे १ ÷ (१ + १०^(−फरक/६००)) यात, टाकला की अपेक्षा येते ०.२४. सामना विश्वचषक पात्रतेचा असेल तर त्याचे वजन २५. जिंकलो तर २५ गुणिले ०.७६, म्हणजे १९ गुण वाढतात. हरलो तर फक्त सहा जातात. मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन ५ किंवा १०, विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे ६०. दुबळ्या संघांना चोपून फार वर जाता येत नाही, हा याचा गुण. तालुका पातळीच्या कबड्डी संघांनाही हेच सूत्र लावता येते; हंगाम सुरू होताना सगळ्यांना १००० गुण द्या आणि सुरू करा.

चढ की उतार

प्रगती मोजताना यजमानपदाची वर्षे वेगळ्या रंगात दाखवा. राष्ट्रकुल स्पर्धेत भारताची सुवर्णे २००६ ला २२, दिल्लीत २०१० ला ३८, २०१४ ला १५. मधला आकडा धरून रेघ ओढली तर भलतेच चित्र दिसते.

ब्रिटन याच्या उलट. १९९६ च्या अटलांटात एक सुवर्ण आणि ३६ वा क्रमांक. पुढच्या वर्षीपासून राष्ट्रीय लॉटरीचा पैसा खेळाकडे वळला. २००० साली ११ सुवर्णे, २००८ ला १९, घरच्या लंडनमध्ये २९, आणि यजमानपद गेल्यावरही रिओत २७. यजमानपदाच्या आधी आणि नंतरही टिकलेला चढ म्हणजे व्यवस्थेचा चढ. त्याच ब्रिटनची टोकियोत ६४ पदके, पॅरिसमध्ये ६५, पण सुवर्णे २२ वरून १४. इथे दोन्ही रेघा एकाच आलेखावर काढा.

हीच रीत आपल्या आठ जिल्ह्यांना लावताना

विभागीय किंवा राज्य शालेय स्पर्धांचे निकाल हाती असतील तर हिश्श्याची रीत जशीच्या तशी चालते. २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर जिल्हा ३७ लाखांचा आणि हिंगोली पावणेबारा लाखांचा. नुसती पदके मोजली तर हिंगोली कायम तळाला. जनगणना जुनी आहे, ते तळटीपेत सांगा.

जिल्ह्यांत एक जास्तीचा रकाना लागतो. भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र संभाजीनगरात आहे, तिथे बाहेरच्या जिल्ह्यांतली मुले येऊन सराव करतात. बीडच्या मुलीने तिथे राहून पदक आणले तर ते बीडचे की संभाजीनगरचे? देशांच्या तालिकेतही हा प्रश्न आहेच. पॅरिसमध्ये महिला स्टीपलचेसचे सुवर्ण बहरीनच्या खात्यात गेले, धावपटू विनफ्रेड यावी जन्माने केनियाची. म्हणून जन्माचा जिल्हा, सरावाचा जिल्हा आणि ज्याच्याकडून उतरला तो संघ, असे तीन वेगळे रकाने करा. सेनादलात गेलेल्या पोरांची पदके तिसऱ्या रकान्यात सेनादलाचीच दिसतील. पहिल्या रकान्यावर सॉर्ट लावलात की ती गावागावांत परत येतील.